भांडण नसलेल्या घरालाही सह्या लागतात

विचारणारे सांगलीचे आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "हार्डवेअर आणि रंगाचं दुकान, वडिलांच्या एकट्याच्या नावावर. वडील ६९ वर्षांचे. मी आणि धाकटा भाऊ दुकान बघतो, बहीण लग्न होऊन अमेरिकेत असते. आई आहे, ९० वर्षांची आजीही आहे. घर आणि दुकानाचा गाळा वडिलांनी घेतलेला, शेती थोडी आजोबांकडून आलेली. आमच्यात कसलंही भांडण नाही, सगळ्या खात्यांना नॉमिनी लावलेत. तरी सीए मागे लागलेत की मृत्युपत्र करा, पुढची व्यवस्था लावा. हे खरंच लागतं, की पैसेवाल्यांचं खूळ आहे? आणि वडिलांसमोर विषय काढला की म्हणतात, मी काय मरायला टेकलोय का!"

सत्तावीस वर्षं दिवाणी वकिली करतोय. "आमच्यात भांडण नाही" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून तुम्हाला भांडणाची भीती घालणार नाही. माझ्याकडे येणारी बरीचशी घरं न भांडताच अडकलेली असतात.

काही वर्षांपूर्वीचं सांगतो. तालुक्याच्या गावातलं खत-बियाण्यांचं दुकान. मालक जूनच्या पहिल्या आठवड्यात झोपेतच गेले. पेरण्या तोंडावर आलेल्या. गोडाऊनला माल होता, पायरीवर शेतकरी उभे होते, मुलगा तेराव्यानंतर गल्ल्यावर बसायला तयार होता. पण बँकेला खबर लागली तसं करंट अकाउंट थांबलं, सीसी (माल भरायला बँकेनं दिलेली कॅश क्रेडिटची उचल) थांबली. विक्रीचा परवाना मालकाच्या नावाचा, जीएसटी नंबर मालकाच्या पॅनवरचा. कंपन्यांनी पुढचा माल रोखला, कारण बिल फाडायचं कुणाच्या नावानं? पोरानं वडिलांनी सह्या करून ठेवलेले कोरे चेक बाहेर काढले. त्यातला एक वटलाही, आणि तो पुढं आम्हाला निस्तरावा लागला. माल गेलेल्यांना, पैसे अडकलेल्यांना, सगळ्यांना सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. बहीण न्यू जर्सीला. ती बिचारी फोनवर म्हणायची, "दादा, मला काही नको, कुठं सही करू तेवढं सांग." पण ती सही म्हणजे तिकडं मुखत्यारपत्र करायचं, भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यायचं, कुरिअर करायचं, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. एकदा नावात आडनावाचा घोळ निघाला, पुन्हा पहिल्यापासून. नोव्हेंबर उजाडला. खरीप गेला, रब्बीचाही निम्मा हंगाम गेला. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं ते तिकडंच रमलं. त्या घरात आजही एकमेकांना कुणी चढ्या आवाजात बोलत नाही.

तर मुद्दा कुणाला किती मिळणार एवढाच नाही. मालक नसताना सोमवारी सकाळी सही कोण करणार, हा आहे.

आता तुमच्या घराचा हिशेब मांडू. वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही, तर त्यांच्यासाठी ते सरकारनं करून ठेवलंय, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात. कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातले सगळे वारस सारखे वाटेकरी. तुमच्याकडे ते कोण? आई, तुम्ही, भाऊ, बहीण. लोक इथंच थांबतात. पण मयताची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे आजी हयात असताना वडिलांचं बरंवाईट झालं तर चार नव्हे, पाच हिस्से. घराचा, गाळ्याचा, स्टॉकचा, उधारीच्या येण्याचा, सगळ्याचा पाचवा हिस्सा आजीचा. आणि आजी गेल्यावर तिचा तो हिस्सा तुमच्याकडे सरळ परत येत नाही. तो तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. समजा तुम्हाला एक काका आणि दोन आत्या आहेत. तर काका, दोन्ही आत्या आणि वडिलांच्या नावानं तुम्ही भावंडं मिळून, असे चार भाग. तुमच्या वडिलांनी उभ्या केलेल्या दुकानात काकांचा विसावा हिस्सा, प्रत्येक आत्याचा विसावा. माणसं कितीही चांगली असोत, गाळ्यावर कर्ज काढायच्या दिवशी बँक त्या सगळ्यांना बोलावणार. आत्याचे यजमान विचारणारच की कर्ज कशाला काढताय. त्यांचंही काही चुकत नाही.

आणि दुकानाचे पाच तुकडे होत नाहीत. चाळीस फूट खोल गाळा, पुढं काउंटर, मागं रंग मिसळायचं मशीन. पाचव्या हिश्श्यात काय येतं, मशीन? तुम्ही दोघं भाऊ गेली पंधरा-वीस वर्षं सकाळी नऊला शटर वर करताय, उधारी वसूल करताय. कायद्याच्या वाटणीत त्या घामाचा वेगळा रकाना नसतो. धंदा वडिलांचा, म्हणून त्यात वाढवलेलं सगळं वडिलांचं, आणि त्यात सगळे वारस सारखे. हे बहिणीवर अन्याय न करता नीट लावता येतं, पण वडील असतानाच.

नॉमिनीबद्दल. हा गैरसमज मुळापासून काढायला हवा. नॉमिनी म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं गोळा करत उभा असलेला मामा. पाकिटं पिशवीत त्याच्या, पण त्याची नव्हेत. बँकेला पैसे कुणाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं हे कळावं, एवढ्यापुरता नॉमिनी. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, माल वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याचा. तो खटला आपल्या ओळखीच्या घरातला होता, 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीचा. हाउसिंग सोसायटीतही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, खरा वारस ठरेपर्यंत. विम्याचं थोडं निराळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी धरले जावेत असं कायदा म्हणतो, पण त्यावरही उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी पडलीत. नॉमिनी लावूच नका असं मी म्हणत नाही. उलट १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसकट लावता येतात, ते करा. फक्त मृत्युपत्रात एक आणि नॉमिनेशनमध्ये दुसरं, असं होऊ देऊ नका. घरोघरी हेच झालेलं असतं. एफडीला नॉमिनी लग्नाआधीची बहीण, आणि नंतर कुणाला आठवणसुद्धा नाही.

आता दुकानाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

दुकान वडिलांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. कायद्याच्या नजरेत "दुकान" असं काही वेगळं नसतंच, ते वडीलच असतात. ते गेले की दुकान गेलं. जीएसटीचा नंबर पुढं चालवता येत नाही. वारसानं स्वतःच्या पॅनवर नवीन नोंदणी घ्यायची आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून तिकडं न्यायचं. काउंटरवरचा क्यूआर कोड वडिलांच्या खात्याचा, तो बदला. कंपनीची डीलरशिप वडिलांच्या नावची, तिचा करार नव्यानं. आणि दुसऱ्या बाजूनं, दुकानाचं कर्ज म्हणजे वडिलांचंच कर्ज. घर आणि दुकान यांच्यात कायद्यानं भिंत नाही. वारसांना स्वतःच्या खिशातून काही भरावं लागत नाही, पण वडिलांकडून आलेल्या मिळकतीपुरती जबाबदारी येते, आणि त्या मिळकतीत आईचं राहतं घरही आलं.

तुमच्या जागी मी असतो तर मृत्युपत्राच्याही आधी धंद्याचा साचा बदलला असता. वडील आणि दोघे भाऊ, तिघांची भागीदारी करा. यात दोन गोष्टी पाहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम ४२ सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म मोडते. म्हणून "मृत्यूनं फर्म विसर्जित होणार नाही" हे कलम करारात हवंच. बाजारात टाइप करून मिळणाऱ्या नमुन्यात ते असतं, पण त्याच्या पुढचं वाक्य नसतं: गेलेल्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, गुडविल, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाची किंमत, धरायचं की नाही, पैसे किती हप्त्यांत द्यायचे. हे लिहिलं नाही आणि उरलेले हिशेब न करता तसाच धंदा रेटत राहिले, तर कलम ३७ वारसांना पर्याय देतं: त्या पैशावर झालेला नफा मागा, नाहीतर वर्षाला सहा टक्के व्याज. धंदा जोरात असेल तर नफा मागणार, मंदी असेल तर व्याज. दहा वर्षांनी ती मागणी आली की काय होतं, ते मी पाहिलंय.

आणि तिघांची भागीदारी म्हणतोय, दोघांची नव्हे. वडील आणि एकच मुलगा अशी फर्म असेल, तर एक गेल्यावर उरतो एकटा, आणि एकट्याची भागीदारी होत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. फर्मची नोंदणी मात्र करून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला उधारीच्या वसुलीचा दावासुद्धा लावता येत नाही, आणि रंगाच्या धंद्यात कंत्राटदारांकडे किती उधारी अडकते ते मी तुम्हाला सांगायला नको. उलाढाल मोठी असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट कंपनीचा विचार सीएंबरोबर बसून करा; तिथं माणूस गेला तरी संस्था राहते. गाळा मात्र घाईनं फर्ममध्ये घालू नका. तो वडिलांच्या नावावर राहू दे, फर्मला भाड्यानं द्या, ते भाडं पुढं आईला जाईल अशी सोय करता येते. (गाळा पागडीचा असता तर वेगळं बोललो असतो. तिथं भाडेकरू गेल्यावर हक्क आधी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा.)

धंदेवाल्यांना मी आणखी एक सांगतो, कारण एजंट ते क्वचितच सांगतात. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याखाली नवऱ्यानं बायको-मुलांच्या नावे विमा काढला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी ट्रस्ट मानली जाते आणि देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं, नंतर नाही. वडिलांचं वय आता गेलं, पण तुम्ही दोघं भाऊ अजून त्या वयात आहात.

लोक मृत्यूची तयारी करतात आणि लकव्याची विसरतात. वडील गेले नाहीत, पण आयसीयूमध्ये आहेत, शुद्ध नाही. अशा वेळी ना मृत्युपत्र उपयोगी, कारण ते मेल्यावर लागू होतं, ना नॉमिनी. "कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय ना," असं लोक मला ऐकवतात. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की आपल्याकडे ते संपतं, आणि तो गेला की तर संपतंच. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज, वैद्यकीय अहवाल, नातेवाइकांची ना हरकत. माझ्याकडच्या एका प्रकरणात बायकोला नवऱ्याच्या उपचारासाठी नवऱ्याचीच एफडी मोडता येईना. शेवटी तिनं बांगड्या ठेवल्या. याला उपाय साधे आहेत आणि ते कागदापेक्षा सवयीचे आहेत: घरखर्चाचं आणि दवाखान्याचं खातं आईबरोबर संयुक्त, 'दोघांपैकी कुणीही' पद्धतीचं, दुकानाच्या खात्यावर फर्म म्हणून दोघा भागीदारांना सहीचा अधिकार, आरोग्य विम्याची कागदपत्रं तिसऱ्याला माहीत. व्हेंटिलेटर किती दिवस, हा निर्णय मुलांवर टाकायचा नसेल, तर वैद्यकीय पूर्वनिर्देश करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तो कायदेशीर आहे आणि जानेवारी २०२३ पासून नोटरीपुढंही होतो.

मृत्युपत्र. याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, हातानं लिहिलेलं, मराठीत, चालतं. पाहिजेत दोन साक्षीदार, ज्यांनी वडिलांना सही करताना पाहिलंय आणि मग त्यांच्यासमोर स्वतः सह्या केल्यात. मोडतं ते इथंच. वडील सकाळी सही करतात, संध्याकाळी मुलगा कागद घेऊन शेजाऱ्याकडे जातो, "काका, एवढी सही करा." वीस वर्षांनी ते काका कोर्टात उलटतपासणीत सांगतात, सही मी घरी केली, ते तेव्हा तिथं नव्हते. संपलं मृत्युपत्र. साक्षीदार वडिलांपेक्षा तरुण घ्या, कारण मृत्युपत्र शाबीत करायला निदान एका साक्षीदाराला कोर्टात बोलवावं लागतं, आणि वडिलांच्या वयाचे मित्र तोवर उरत नाहीत. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. त्याच दिवशीचा फॅमिली डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. शुल्क शंभर रुपये, आणि कागद हरवला, फाटला, "सापडला" या सगळ्या कथा तिथंच थांबतात. मात्र नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र आपोआप शाबीत झालं असं नाही. साक्षीदार तरीही लागतोच. वडिलांना नंतर मन बदलावंसं वाटलं तर बदलता येतं, कितीही वेळा, आणि शेवटचं तेवढं खरं. हे त्यांना नक्की सांगा. बऱ्याच वडीलधाऱ्यांना वाटतं की सही केली म्हणजे आजच सगळं दिलं.

मजकुरात काय असावं? "दुकान दोन्ही मुलांना" एवढ्यावर मी कुणाला थांबू देत नाही. दुकान म्हणजे काय काय: स्टॉक, येणं, देणं, बँकेची शिल्लक, डीलरशिपची अनामत, दुकानाचं नाव, आणि हो, तो मोबाइल नंबर, ज्यावर अख्ख्या सांगलीचे रंगारी फोन करतात. कर्ज कुणी फेडायचं ते लिहा. आईला घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि दरमहा ठरावीक रक्कम, ती कुणी आणि कशातून द्यायची, हे लिहा. आजीला काही ठेवायचं तर तेही. शेवटी "वर न लिहिलेली आणि यापुढं मिळणारी सर्व मिळकत अमक्याला" ही ओळ हवी, नाहीतर नंतर घेतलेला प्लॉट पुन्हा पाच हिश्श्यांत जातो. आणि मृत्युपत्र अमलात आणायला एक व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमा, ज्याला हिशेब कळतो आणि ज्याचं तिन्ही भावंडं ऐकतात. तुमचे सीए या कामाला वाईट नाहीत.

मुंबईतल्या मिळकतीला वर्षानुवर्षं प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याशिवाय, पुढं सरकता येत नव्हतं, त्यामुळे "मृत्युपत्र केलं तरी कोर्ट आहेच" असं लोक म्हणायचे. सांगलीतल्या मिळकतीला ती सक्ती तेव्हाही नव्हती, आणि २०२५ च्या अखेरीस संसदेनं सक्तीचं ते कलमच काढून टाकलं.

शेतीचं वेगळं बघावं लागेल. आजोबांकडून आलेली म्हणजे "वडिलोपार्जित, तिच्यावर नातवाचा जन्मसिद्ध हक्क," असं गावाकडे सर्रास बोलतात. तसं सरसकट नाही. १९५६ नंतर वारसानं वडिलांकडे आलेली जमीन बहुधा त्यांची स्वतंत्रच धरली जाते, आणि मग तिचं ते मृत्युपत्र करू शकतात. खरोखर एकत्र कुटुंबाची निघाली, तर त्यात तुमच्याइतकाच बहिणीचा जन्मतः हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचे उरलेसुरले फाटे छाटले. त्या मिळकतीतला फक्त आपला वाटा वडिलांना मृत्युपत्रानं देता येतो. जुने फेरफार काढा, म्हणजे कळेल. नुसत्या सातबाऱ्यावरून मालकी ठरत नाही.

बहिणीविषयी दोन शब्द, न विचारता. ती सही द्यायला तयार असते म्हणून तिला गृहीत धरू नका. दिवाळीला माहेरी आलेल्या मुलीला गाडीत घालून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला नेतात, आणि तिला कागद वाचायलाही मिळत नाही, असं मी अनेकदा पाहिलंय. त्या दिवशी मी परत पाठवतो. दुकान मुलांना द्यायचं असेल तर एफडी, सोनं, एखादा प्लॉट, विम्याची रक्कम, यातून बहिणीचं माप सन्मानानं भरता येतं. आणि हे वडिलांनी तिला स्वतःच्या तोंडानं सांगावं, व्हिडिओ कॉलवर का होईना. नंतर भावांनी सांगितलेलं आणि वडिलांनी सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

"मग आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू, राहतं घर किंवा शेती मुलांना दिली तर मुद्रांक दोनशेच रुपये," असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. सवलत खरी आहे (वर एलबीटी, सेससारखं काही लागतं ते निबंधक कार्यालयात कळेल), पण गाळ्याला ती लागू नाही, कारण तो व्यापारी. आणि मला ती कल्पनाच आवडत नाही. मुलं चांगली आहेत हे मान्य, पण हातातलं घर देऊन बसलेला म्हातारा आणि घर नावावर असलेला म्हातारा यांच्या चहात फरक असतो. द्यायचंच तर "आम्हा दोघांचा शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीस रद्द करून मागता येतं ते त्या अटीच्या जोरावर.

आणि मृत्युपत्र फक्त वडिलांचं नको. आईचंही हवं, तुमच्या दोघांच्या बायकांचंही. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ वाचलं की लोक चमकतात. मूलबाळ नसलेली विवाहित हिंदू बाई नवऱ्याच्या मागं मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट तिच्या आईवडिलांकडे जात नाही, सासरच्या वारसांकडे जातो. आईवडिलांकडून वारसानं आलेलं तेवढं माहेरी परत जातं. पुण्यात आयटीत असणाऱ्या किती मुलींना हे माहीत असेल, देव जाणे.

कराची काळजी करू नका. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, वारसानं मिळालेल्यावर आज कर नाही. पुढं विकताना मात्र वडिलांची खरेदी किंमत तुमची धरली जाते, म्हणून जुने खरेदीखत जपून ठेवा. घरात विशेष गरजेचं मूल असेल तर ट्रस्ट आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचा पालक, हा वेगळा लांब विषय आहे. आणि हे वाचणारे गोव्याचे असतील तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिकडं नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक आणि निम्मा भाग वारसांसाठी राखीव, तो मृत्युपत्रानंही फिरवता येत नाही. मुस्लिम कुटुंबांनाही मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापुरतीच मोकळीक असते.

राहिला वडिलांचा राग. त्यांच्यासमोर "मृत्युपत्र" हा शब्दच काढू नका. एखाद्या शांत दुपारी काउंटरवर विचारा, "बाबा, तुम्ही आठ दिवस दवाखान्यात असलात तर रंगाच्या कंपनीचं पेमेंट कोण करायचं?" धंदेवाला माणूस मरणाच्या प्रश्नाला चिडतो, पेमेंटच्या प्रश्नाला उत्तर देतो. त्यातून आधी एक वही सुरू होऊ दे. दोनशे पानी, शाळेची. कुठल्या बँकेत काय, लॉकर कुठं, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, कुठल्या मित्राला तोंडी शब्दावर दिलेले पैसे, पॉलिसी, जुने शेअर. दहा वर्षं कुणी हात न लावलेली बँकेतली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते आणि ती 'उद्गम' पोर्टलवर शोधत बसावी लागते. वही असली की तो शोध लागत नाही. वही भरली की मृत्युपत्राचं निम्मं काम झालं. ती घेऊन या, उरलेलं मी करतो.

माझ्या एका जुन्या अशिलानं अशीच वही भरली होती, किराणा दुकानदार. मोत्यासारखं अक्षर, तारखेसकट सगळं. शेवटच्या पानावर सगळ्या खात्यांचे आकडे संपल्यावर खाली एक ओळ होती: "गोडाऊनच्या मागच्या शटरची दुसरी किल्ली अण्णांच्या फोटोमागं आहे. कुलूप जाम होतं, थोडं तेल सोडावं."